हाक्याचा घसा

पस्तिशी उलटली तरी फोनवरची माणसं तिला विचारायची, "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?" ती म्हणायची, "आहेत ना, सासूबाई आहेत," आणि सरळ फोन सासूबाईंच्या हातात द्यायची. रोज कोण वाद घालत बसणार! आवाजच तसा होता. लहानपणी घशात येऊन बसला तो मोठा व्हायचं विसरूनच गेला. बाई अंगाने चांगली उंचपुरी, दारातून आत येताना मान वाकवणारी, पण तोंड उघडलं की दहा वर्षांचं पोर बोलतंय असं वाटायचं.

तेव्हा ती तिकीट खिडकीवर बसायची. एकदा एक माणूस खिडकीशी आला आणि तिकीट न मागता नुसता ऐकतच उभा राहिला.

"अजून एकदा बोला," तो म्हणाला.

"मागे रांग लागलीय, पुढे सरका."

"आता जरा रागावून बोला."

त्यासाठी तिला वेगळं काही करावं लागलं नाही. तो माणूस कार्टूनच्या स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करायचा. महिन्याभरात तिने खिडकी सोडली. पुढची दहा वर्षं ती ससा झाली, बाहुली झाली, लाडावलेला राजपुत्र झाली, एकदा तर दात दुखणारा हत्तीचा बछडा झाली. मग हाक्या आला आणि बाकी सगळ्यांना बाहेर काढून एकटाच घशात मुक्कामाला राहिला.

स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर चित्रं काढायचे, तळमजल्यावर आवाज भरायचे. आवाजाच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना स्पंज, जमिनीवर जाड गालिचा, मधोमध एक माईक आणि समोर काच. काचेपलीकडे तोच रेकॉर्डिस्ट आणि त्याच्या शेजारी डायरेक्टर. आत जायचं तर कडक इस्त्रीचे कपडे चालत नाहीत, हात हलला की ते खळखळतात. उपाशी जायचं नाही, पोटात कावळे ओरडले तर माईकला पहिल्यांदा कळतं. तोंड चिकटू नये म्हणून आंबट सफरचंदाची फोड चघळायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ओरडणं शेवटी. बोलणं, हसणं, रडणं, धापा टाकणं सगळं आधी उरकून घ्यायचं. किंकाळ्या राखून ठेवायच्या, त्या झाल्या की गरम पाणी प्यायचं आणि घरी जायचं. कारण एकदा ओरडलेला घसा त्या दिवशी दुसऱ्या कामाचा राहत नाही.

आता हाक्या कोण ते सांगायला हवं. अकरा वर्षांचं पोर. एका कोरड्या विहिरीने त्याला शक्ती दिली होती. त्याने हाक मारली की कोसळणारं थांबायचं, मग ती भिंत असो, पूर असो, नाहीतर डोंगरावरून चालून येणारं सैन्य. पण विहीर काही फुकट देणारी नव्हती. प्रत्येक हाकेला ती पोराच्या आवाजातलं थोडं काढून घ्यायची. आधी त्याचं गाणं गेलं, मग हसू गेलं, तिसऱ्या वर्षापर्यंत नुसती खरखर उरली. वरचे चित्रकार प्रत्येक हाकेनंतर त्याच्या गळ्यावर एक काळी रेघ वाढवायचे. लहान मुलं घाबरून उशी तोंडावर धरायची आणि उशीच्या कडेने बघायची. मालिका जोरात चालली होती.

त्या तिसऱ्या वर्षीच ती गोष्ट घडली, आणि दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही, कारण ती तिनेच सुचवली. हाकेनंतरचं घोगरं बोलणं ती आवाज काढून करत होती. करून झालं, ऐकलं, आणि तिने नाक मुरडलं.

"खोटं वाटतंय. म्हातारा कोल्हा खोकतोय नुसता."

"चांगलं आहे की ताई," डायरेक्टर म्हणाला.

"छे! असं करू. आधी हाका मारून घेते. घसा आपोआप बसेल. मग त्या बसलेल्या घशानेच बोलते."

रेकॉर्डिस्टने काचेमागून मान हलवली. "ताई, उलटं काम करू नये."

"एकदा करून तर बघू," ती म्हणाली. डायरेक्टरचे डोळे असे चमकले की त्याने बोलायची गरजच नव्हती.

खरंच फार छान झालं. इतकं छान की पुढची तीन वर्षं तसंच चाललं. सकाळी दहाला हाका, अकरापासून घोगरं बोलणं. बाई काय जीव ओततात, असं लोक म्हणायचे. ओतायचा तर तो आधी कुठून तरी काढावा लागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही. शाबासकीची चटक लागली की माणूस जरा मंदच होतो.

घरी सासूबाईंना दिसणं जवळजवळ बंद झालं होतं. संध्याकाळी सून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. सुरुवात नेहमी शेवटच्या पानापासून, कोण कोण गेलं तिथून.

"आज बेडूक कुठून आणलास घरात?" सासूबाई विचारायच्या.

"मीच आहे, आई. जरा घसा बसलाय."

"बसलाय म्हणतेस? मला तर कायमचा आडवा झालेला वाटतोय. वाच, वाच. तो कापडवाला गेला का बघ, परवा अत्यवस्थ होता म्हणत होते."

मालिकेचे शेवटचे दोन भाग उरले तेव्हा कागद हातात आले. त्यात सगळ्यात आधीचा एक प्रसंग होता. शक्ती मिळायच्या आधीचा हाक्या विहिरीच्या काठावर बसलेला, आत खडा टाकतो आणि खळखळून हसतो. तेवढंच. ना हाक, ना घोगरेपणा. तिला वाटलं, चला, आज सुटी.

लाल दिवा लागला. ती हसली. काचेमागे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ताई, जरा मोकळं."

ती पुन्हा हसली. मध्येच हसू तुटलं, उसवलेल्या शिवणीसारखं. ती पाणी प्यायली, तिने सफरचंद चघळलं, मान फिरवली, कोपऱ्यात जाऊन गुणगुणून आली. अकरा वेळा हसली, मग पुढचं मोजायचं सोडून दिलं. खालचे सूर होते, खरखर होती, हाकसुद्धा तयार होती. वरचा तो एक कोवळा पट्टा तेवढा जागेवर नव्हता. जिना चढावा, सवयीने पुढची पायरी गृहीत धरावी आणि पाय पोकळीत पडावा, तसं दर वेळी व्हायचं.

रेकॉर्डिस्टने दिवा बंद केला. "ताई, घसा दाखवून घ्या," एवढंच तो म्हणाला. मी सांगितलं होतं, असं म्हणायचा त्याचा हक्क होता. तो त्याने वापरला नाही.

डॉक्टरबाईंनी नाकातून बारीक नळी घातली आणि तिचाच घसा तिला पडद्यावर दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या आणि दोन्हींवर समोरासमोर तिळाएवढे दोन दाणे.

"ओरडण्याचं काम करता का?"

"एक पोरगं आहे, ते जग वाचवतं. त्याच्यासाठी ओरडते."

"किती वर्षांचं आहे?"

"अकरा. सहा वर्षं झाली, अकराच आहे."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांच्याकडे गायक यायचे, शिक्षक यायचे, सगळ्यांनाच विनोद सुचायचे. त्या म्हणाल्या, "दीड महिना तोंडातून एक शब्द नाही. कुजबुज तर अजिबात नाही, ती ओरडण्यापेक्षा वाईट. आज थांबलात तर आवाज राहील. पहिल्यासारखा होईल असं मी सांगत नाही, पण राहील. अजून ओरडलात तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

ती तिथून परस्पर स्टुडिओत गेली. गप्प बसण्याआधी एकदा बोलून घ्यायला हवं होतं. डायरेक्टरने सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याने खुर्ची पुढे केली, गरम पाणी मागवलं. मग शेवटच्या भागाचा कागद काढला. त्यात हाक्या सगळ्यात मोठी हाक मारतो आणि उरलासुरला आवाज विहिरीला देऊन टाकतो. कंसात लिहिलं होतं : हसत हसत.

"दोनच भाग, ताई. तीन दिवसांचं काम. मग दीड काय, तीन महिने गप्प बसा. सहा वर्षं लोकांनी तुमची हाक ऐकलीय. शेवटची दुसऱ्या कुणाची कशी चालेल?"

मोह झाला तिला. झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. सहा वर्षं ज्या हाकेसाठी रोज सकाळी घर सोडलं, तिची शेवटची दुसऱ्याच्या तोंडी द्यायची? तिने कागद दोनदा वाचला. लिहिणाऱ्याचं काय जातं, हसत हसत म्हणून मोकळा!

"सर, वर हाक्याचा गळा काढताना पेन्सिल मोडली तर काय करतात?" तिने विचारलं.

"काय करणार? दुसरी घेतात."

"मग घ्या," ती म्हणाली आणि उठली.

रेकॉर्डिस्ट दारापर्यंत आला, तिची पिशवी हातात दिली. ती त्याला काही बोलली नाही. गप्प बसणं तिथूनच सुरू झालं होतं.

आता घरात एक सासू जिला दिसत नाही आणि एक सून जिला बोलायचं नाही. पहिल्या दिवशी दोघी तीन वेळा एकमेकींवर आपटल्या. नवरा दिवसभर कामावर, मध्ये कोण पडणार? शेवटी सासूबाईंनीच शक्कल काढली. एक टाळी म्हणजे हो, दोन टाळ्या म्हणजे नाही.

"चहा केलास?" टाळी.

"साखर घातलीस?" टाळी, टाळी.

"मुद्दाम?" टाळी.

"डॉक्टरने बोलणं बंद केलं, खवचटपणा नाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या आणि तोच चहा फुर्र करून प्यायल्या.

पाचव्या आठवड्यात शेवटचा भाग लागला. तिने टीव्ही लावला आणि सासूबाईंच्या शेजारी बसली. आवाज एका नव्या मुलीचा होता. विहिरीकाठचं हसूही तिचंच, हाकही तिचीच. मुलगी तयारीची होती. हाक्याने आवाज दिला, डोंगर थांबला, सगळं गाव रडलं. स्टुडिओला ढीगभर पत्रं आली, त्यात आवाज बदलल्याची तक्रार दोघा-तिघांची. हे तिला नंतर रेकॉर्डिस्टने कळवलं, बहुतेक बरं वाटावं म्हणून. बरं वाटलं की नाही ते सांगता येत नाही.

"आज छान ओरडलीस हो," सासूबाई म्हणाल्या. "काटा आला अंगावर."

एक टाळी मारली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तिने दोन मारल्या.

"तू नव्हतीस?" टाळी, टाळी. "मग कोण होतं?" याला टाळी नव्हती. सासूबाईंनी मान डोलावली. "तरीच! म्हटलं आज बरंच बरं ऐकू येतंय."

दीड महिना भरला. डॉक्टरबाईंनी पुन्हा नळी घातली, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "बोला काहीतरी." तिने स्वतःचं नाव सांगितलं. आवाज आला. सावकाश, भरीव, खालच्या अंगाचा, कुठे अडकला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा टिकेल, फक्त जपून वापरा. हाक्या त्यात कुठेच नव्हता. ससा नव्हता, राजपुत्रही नव्हता.

घरी येऊन तिने पायातलं काढलं आणि हाक दिली, "आई, आले मी."

सासूबाई सावरून बसल्या, पदर नीट केला. "कोण आलंय? या, बसा. सूनबाई बाहेर गेलीय, येईलच एवढ्यात."

"अहो, मीच सून."

सासूबाईंनी कान तिकडे केला. "पुन्हा बोल."

"मीच आहे. डॉक्टरांनी बोलायला सांगितलं."

सासूबाईंनी हात पुढे करून तिचं मनगट चाचपलं, आणि खात्री पटल्यावर सोडून दिलं.

"हा तर मोठ्या बाईचा आवाज आहे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं घरात पोर वावरतंय असं वाटायचं, म्हणून तोंडाला येईल ते बोलत आले. आता जरा विचार करून रागवावं लागणार."

"रागवा हो तुम्ही. मी तीच आहे."

"बघू," सासूबाई म्हणाल्या. "बस आधी. उभी का आहेस पाहुण्यासारखी?"