रंभीनं पदर धरला की…

किस्से काही शोधायला जावं लागत नाही. घराला लागून कापसाची वखार असावी, मध्ये कंबरभर भिंत असावी आणि जेवण झालं की त्या भिंतीवर सुपारी कातरत बसायची माझ्यासारखी सवय असावी. किस्से आपोआप साठतात! बायको म्हणते, "तुमच्याहून ते कुत्री बरी. वास घेऊन गप तं बसते!"

ती कुत्री म्हणजे रंभी. वखारीचा मापारी गणूजी, त्याची. अकोल्याहून कापसाच्या गाडीमागं चालत आली आणि इथंच राहिली.

*

साता समुद्रापलीकडं कुठंशी लढाई पेटली आणि आमच्या अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी लोकांची अक्कलही चढली. एक दलाल वजन वाढवायला कापसावर पाणी मारून आला. कापूस ठासून शिवलेले बोरे वरून कोरडे ठणठणीत! रंभी मात्र एकेक बोरा हुंगत गेली आणि शिवणीत जीभ घालून चाटायला लागली.

वखारीच्या शेठनं विचारलं, "काहून चाटून राह्यली ते?"

"नवा कापूस गोड असते, शेठ!" दलाल म्हणाला.

"असं? मंग चाट बरं तूबी!"

*

एका थंडीत ती रोज कापसाच्या गंजीत एकाच कोपऱ्यात वेटोळं करून बसायची. हाकलली की परत तिथंच. हमाल म्हणायचे, "शेठपेक्षा हिचा थाट मोठा!"

एकदा गणूजीनं सहज तिच्या जागी हात खुपसला आणि "अरे बाप्पा!" करून बाहेर काढला. आत ओला राहिलेला कापूस तव्यासारखा तापला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर वखारीसोबत माझं घरही गेलं असतं.

त्या दिवसापासून मी रंभीला अहोजाहो करतो!

*

गणूजीची पोरगी यमुना वलगावला नांदायला गेली आणि तीन महिन्यांत परत आली. तिला मिरगी यायची. सासू म्हणाली, "आंगात भूत हाय," आणि पाठवून दिली.

एकदा ती विहिरीवर पोहरा ओढत होती. रंभी धावत आली, तिचा पदर दातांत धरला आणि खाली ओढायला लागली. यमुनेनं शिव्या दिल्या, लाथ उगारली; रंभी सोडेना. शेवटी वैतागून पोरगी काठापासून दूर जमिनीवर बसली आणि बसल्या जागीच मिरगी आली!

कांदा फोडा, जोडा हुंगवा, एकच धावपळ! मी भिंतीवरून उडी टाकली आणि पायातला जोडाच तिच्या नाकाशी धरला. डोळे उघडल्यावर पोरगी म्हणते कशी, "काका, तुमच्या जोड्यापक्षा मिरगी बरी!"

मग नेमच झाला. रंभीनं पदर धरला की यमुना हातातलं टाकून खाली बसायची. चूल असो की विहीर, एकदाही लागलं नाही.

*

पण हे वलगावला कोण सांगणार? एक दिवस सासूच बैलांची दमणी जुंपून आली. सोबत जावई. मी भिंतीवर होतोच.

"आमी दुसरी सून पाह्यली," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "काडीमोड घ्यायले आलो. भूत लागलेली पोरगी आमच्या चुलीपाशी नको."

गणूजी काकुळतीला आला. "आता भेव नाही, विहीनबाई. हे कुत्री आधी सांगते. पदर धरते."

"कुत्री सांगते, अन् मी आयकू?"

जावई यमुनेकडं नुसता पाहत होता.

इतक्यात रंभी उठली. नेमकं आत्ताच! यमुना मुकाट खाली बसायला लागली. पण रंभी तिच्या बाजूनं सरळ पुढं गेली, सासूचा पदर दातांत धरला आणि खाली ओढायला लागली.

"हाड! हाड!" गणूजी ओरडला.

म्हातारी ओरडली नाही. तिनं पोराकडं पाहिलं आणि गपकन खाली बसली. जावयानं ओट्याखालचा आपला जोडा उचलला आणि आईजवळ जाऊन बसला. जोडा आणायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हातारीचे हातपाय ताठले, तसं यमुनेनं सासूचं डोकं मांडीवर घेतलं.

ऊन कलल्यावर दमणी निघाली. यमुनेचं गाठोडं चढलं, यमुना चढली. म्हातारी पोरावर खेकसली,

"पाहून काय राह्यला? ते कुत्री बी घे दमणीत!"