वाढत्या अंगाचा ड्रेस

हाताने विणलेल्या वस्त्रात विणणारीचं मन गुंफलेलं असतं, आणि म्हणूनच ते यंत्राला कधीही जमणार नाही. हे वाक्य मी आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात माईकवरून म्हटलं. समोर बसलेल्या निम्म्या बायकांच्या घरी यंत्रमाग आहेत. बेळगावच्या वडगावात दुसरं काय असणार! माझी क्रोशाची एक ओळ पुरी होईपर्यंत शेजारच्या घरात हातभर साडी निघते, आणि तिच्यात कुणाचंही मन नसलं तरी ती कुठल्याही अंगाला बरोबर बसते. तरी बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनंतर चहा होता.

ड्रेस मधोमध हँगरला लटकवला होता. मोतिया रंगाचा, सुती दोऱ्याचा, गळ्यापासून खालपर्यंत पुढून उघडणारा. शेजारी पुठ्ठ्यावर कुणीतरी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आजारी बहिणीसाठी, प्रेमाने'. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. कॉलेजात शिकवत होते तेव्हा असल्या सत्कारांवर स्टाफरूममध्ये बसून मी भरपूर विनोद केले होते. शाल मात्र चांगली निघाली.

बहीण म्हणजे माझी थोरली आक्का. निपाणीला असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती न्हाणीत पडली आणि उजवा खांदा मोडला. ऑपरेशन कोल्हापूरला झालं. खांदा जुळला, पण हात ना वर जाईना ना मागं. त्यामुळे ब्लाउज घालता येईना, आणि ब्लाउज नाही म्हणजे साडी नाही. सुनेनं गाऊन आणून दिले. घरात ठीक होतं. पण पाहुण्यांसमोर गाऊनवर येणाऱ्या बायकांबद्दल आक्का जन्मभर जे बोलत आली आहे, ते सगळ्या गल्लीला पाठ आहे. अशात नातीचा साखरपुडा ठरला, तोही घरच्याच हॉलमध्ये. सून नोकरीवर जायची, तेव्हा ही नात आक्काच्याच हाताखाली वाढली.

"मी आपली आतल्या खोलीत बसते," आक्का फोनवर म्हणाली. "तिथनं समदं ऐकू येतंय."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही, म्हणून मी म्हटलं, "मी तुला क्रोशाचा ड्रेस करते. साधा. गाऊन वाटणार नाही."

"मग काय वाटंल?"

"ड्रेस वाटेल."

"बरं. पण लोक वळून बघतील असलं नको."

अशा कामाची सुरुवात टेप घेऊन करतात. छाती, कंबर, दंडाचा घेर. बेळगावहून निपाणी काही विलायतेत नाही. बस सारखी असते, संकेश्वर गेलं की आलंच. पण मी म्हटलं, "मापाला एक ब्लाउज पाठव." आपल्याकडे यात कुणाला काही खटकत नाही. बाई स्वतः शिंप्याच्या समोर उभी असते आणि तरी पिशवीतून मापाचा ब्लाउज काढून देते.

आक्काची सून कोर्टाच्या कामाला बेळगावला आली, तेव्हा तो देऊन गेली. हिरव्या खणाचा. घडी उघडली आणि मी ओळखला, आक्काच्या मुलाच्या लग्नातला. तेव्हा आक्का अंगानं चांगली भरलेली होती. मापाला कुणी कसातरी ब्लाउज देत नाही, सगळ्यांत चांगला बसलेला देतात. कधी बसलेला, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "तब्येत कशी आहे?"

"वाळल्यात जरा," सून म्हणाली.

त्यातला 'जरा' मी घट्ट धरून ठेवला.

व्हिडिओ कॉल रोज व्हायचा, पण आक्का फोन अशा कोनात धरते की तिचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसतं. मला ते सोयीचं होतं. आमची आई शेवटी अशीच वाळत गेली होती, दर भेटीला थोडी कमी. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. आधी गुडघे, ऊन, बसची गर्दी अशी कारणं सांगून मी जायचं टाळत होते. आता कुणी नावं ठेवणार नाही असं कारण मिळालं. विणकाम अर्धं आहे.

काम तसं सोपं होतं. गळ्याची साखळी घालायची आणि तिथून खाली खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, ओळी, जाळी नाही, फुलं नाहीत. ब्लाउज मांडीवर पसरून मी माप घेतलं, आणि वर दोन बोटं जास्त धरली. आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं शिवायचे. युनिफॉर्म पहिल्या वर्षी पोत्यासारखा, पुढच्या वर्षी बरोबर, त्यानंतर धाकटीला. धाकटी मी. आक्का दुखण्यातून उठेल, पुन्हा भरेल, असा हिशेब करून मी सत्तरी ओलांडलेल्या बाईसाठी वाढत्या अंगाचा ड्रेस विणला. विणताना तो हिशेब मला अगदी शास्त्रीय वाटत होता.

प्रदर्शनातल्या चहाच्या वेळी शेजारीण जवळ आली. ड्रेसला बोट लावून म्हणाली, "लई झ्याक झालाय. मग, कशी हाईत आता आक्का? बघून आलासा न्हवं?"

"बरी आहे," मी म्हटलं.

कपाळ बरं होतं. त्यापलीकडचं मला काही माहीत नव्हतं. चारचौघींत शाल पांघरून, नारळ कुठं ठेवावा हे न कळून मी उभी होते, आणि आणखी कुणी काही विचारू नये म्हणून बिस्किटं खात राहिले.

साखरपुड्यादिवशीच निपाणी गाठायचा माझा बेत होता. त्याऐवजी आदल्या दिवशीची सकाळची बस धरली.

आक्का दारात आली. आधी गाऊन दिसला, मग त्यात आक्का दिसली. मी चपला काढण्यात जरा जास्तच वेळ घालवला.

"वाट चुकलीस व्हय?" ती म्हणाली. "ये. मला वाटलं ड्रेसच यील एकटा बसनं."

आत जाऊन सुनेनं आणि मी तिला ड्रेस घातला. दुखरा हात आधी, मग दुसरा. बटणं लावली. खांदे दंडावर उतरले. काखेखाली आणखी एक बाई सहज मावली असती. आक्कानं कपाटाच्या आरशात पाहिलं.

"प्रोफेसरीणबाई, ह्यात तुम्ही बी या की. दोघी जाऊया पाव्हण्यांम्होरं."

सून तोंडावर पदर धरून बाहेर गेली.

"तूच ब्लाउज पाठवलास की," मी म्हटलं.

"मापाला चांगलाच पाठवणार न्हवं? आता अंगात बसणारा पाठवायचा तर नातीचा पाठवावा लागला असता." तिनं बाजूचा घोळ मुठीत धरला. "आणि हे वर कशाला एवढं?"

"भरशील म्हणून."

"मी?" ती हसली आणि खांदा धरून खाली बसली. "अगं, आता ह्या वयात मी कशानं भरू?" मग हसणं थांबल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदा येऊन बघितलं असतंस, तर टेपबी लागली नसती."

यावर देण्यासारखं उत्तर मी बसमध्ये तयार केलं होतं. ते चांगलं होतं, त्यात गुडघे होते. मी दिलं नाही. "उभी राहा," एवढंच म्हटलं.

क्रोशाचं काम कापता येत नाही. कापलं की सगळं सुटतं. उसवून पुन्हा विणायला दिवस नव्हते. मग ड्रेस उलटा करून तिच्या अंगावर चढवला आणि दोन्ही बाजूंनी जास्तीचा भाग चिमटीत धरून सेफ्टी पिना लावत गेले. काखेपासून कमरेपर्यंत. पिन लावताना बोटांना बरगड्या लागत होत्या, एकेक वेगळी. अशा तऱ्हेनं मी माझ्या बहिणीचं माप घेतलं. ती मध्येच एकदा, "गुदगुल्या हुत्यात गं," म्हणाली.

ड्रेस काढून घेतला आणि पिनांच्या रेषेवर मुके खांब घालून बाजू जोडत बसले. मुका खांब म्हणजे सगळ्यांत आखूड टाका, हळूहळू पुढं जाणारा. आक्का कॉटवर पडून पाहुण्यांची निंदा करत होती. मुलाची आई लई शिकलेली आहे म्हणे, त्यामुळे तिच्याशी जपून बोलायला हवं. "शिकलेल्या बायका घरात यायच्या म्हणजे तापच," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. जादाचा भाग आत दोन्ही बाजूंना पडद्यासारखा लोंबत होता. तो टाचून टाकला. खांद्यांवर मंडळाची शाल घ्यायची ठरली.

साखरपुड्याला आक्का हॉलमध्ये बसली. पंख्याखालच्या खुर्चीत, पाहुण्यांच्या अगदी समोर, सुरुवातीपासून जेवणापर्यंत. मुलाच्या आईनं ड्रेस कुठला म्हणून विचारलं.

"बेळगावचा," आक्का म्हणाली. "तिथं एक बाई हाय. माणूस न बघताच करून देते."

मी पेढ्यांचं ताट घेऊन दुसरीकडे वळले.

अंगठ्या घातल्या, मुलाच्या आईनं आक्काला मिठी मारली, आणि आक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बघून नात रडली, सून रडली, मुलाकडच्या दोघीतिघी रडल्या. फोटोग्राफरनं सगळ्यांना तसंच थांबायला सांगितलं. आक्काला रडताना मी आईच्या वेळेनंतर पाहिलं नव्हतं. बेळगावला परत जाताना संकेश्वरपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. यापुढं दर आठवड्याला यायचं, असं मी त्याच प्रवासात ठरवलं, आणि आजवर बहुतेक पाळलं आहे.

पुढच्या आठवड्यात जायच्या आधीच तिचा फोन आला. कपाळ आणि पंखा. ड्रेस धुवायला काढला होता.

"अगं, डाव्या बाजूला आत तुझी एक पिन ऱ्हायली हुती. त्या बाईनं मिठी मारली तवा कचकन घुसली की बरगडीत."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"काय सांगू? समदी रडाय लागलेली."

ती पिन तिनं परत दिलेली नाही. गाऊनचं वरचं बटण तुटलं आहे, तिथं लावते.