कॅमशाफ्टला लावलेलं कुंकू

यंत्रालाही आत्मा असतो, अशी आमच्या घराची श्रद्धा आहे. ही श्रद्धा वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या सकाळी जागी होते. एरवी यंत्राला गंज असतो.

आमच्या छोट्या गाडीचं मूळ इंजिन जाम झालं, तेव्हा मी भंगारबाजारातून एका ठोकलेल्या मोठ्या गाडीचं इंजिन आणलं आणि मेव्हण्याच्या मदतीनं घराच्या पोर्चमध्येच बसवलं. मेव्हणा बजाजनगरला राहतो आणि वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. 'बघतो' हा शब्द त्याला चालत नाही. तो क्वालिटी सुनिश्चित करतो.

इंजिन चालू झालं, पण वरून शिलाई मशीनसारखी टिकटिक यायला लागली. म्हणून पुन्हा खोललं आणि आतले झिजलेले भाग बदलायला दोन्ही कॅमशाफ्ट बाहेर काढले. इंजिनानं श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे ठरवणारे हे दांडे. त्यांच्या टोकांना दातेरी चाकं असतात आणि परत बसवताना चाकांवरच्या खुणा जुळवाव्या लागतात. कारखान्यातून कोरून आलेल्या खुणा होत्या, पण तांदळाच्या कणीएवढ्या, आणि आम्हा दोघांचीही चष्मा लावायची तयारी नव्हती. बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन त्यांवर ठसठशीत ठिपके दिले.

बायकोनं आधीच सांगून ठेवलं होतं, "दसऱ्याला चालू झाली तर हार घालीन. नाय झाली तर संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलंय."

तिचं चूक नव्हतं. बरेच दिवस तिला घरात यायला-जायला बंपर ओलांडावा लागत होता. पण त्या गाडीवर माझा जीव होता, आणि भंगारवाला वेळेवर येणारा माणूस होता.

त्यात खंडेनवमी आडवी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि पूजेतलं हत्यार उचलायचं नाही. बायकोनं पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडली आणि विचारलं, "हे दांडे पण मांडायचे का?"

"आक्का, इंजिनाचं काळीज हाय ते," मेव्हणा म्हणाला.

काळीज तेलकट होतं, म्हणून त्यानं ते थिनरनं चकचकीत पुसलं. मला दाखवून म्हणाला, "कंपनी स्टँडर्ड, दाजी." मग हळदकुंकू, झेंडू, आरती. मी देवाधर्माच्या बाबतीत जरा कच्चा आहे, पण गाडी जायची वेळ आल्यावर कॅमशाफ्टपुढं हात जोडायला मला काही जड गेलं नाही.

दसऱ्याला पुरणपोळी खाऊन कामाला लागलो. चाकांवरचे लाल ठिपके जुळवले, पट्टा चढवला, नटबोल्ट आवळले. पट्ट्यावरचं झाकण नंतर लावू म्हटलं आणि चावी फिरवली. इंजिन शिंकलं, खोकलं आणि सायलेन्सरमधून असा बार काढला की शेजारच्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "रावण इथंच जाळायलात का यंदा?"

"टायमिंग परफेक्ट आहे," मेव्हणा म्हणाला. "मी स्वतः चेक केलंय. पेट्रोलमधी भेसळ असंल."

"पेट्रोल तूच आणलंस."

"मग करंट नाय."

तेवढ्यात बायको बाहेर आली. औरंगपुऱ्यातून आणलेला हार तिच्या हातात होता. तो घालायचा की ठेवून द्यायचा हे ठरवायला ती आली असावी. तिनं इंजिनात वाकून पाहिलं आणि एका ठिपक्याला बोट लावलं. बोट लाल झालं.

"हा ठिपका जुळवलात का तुम्ही?"

"हो. तुझीच नेलपॉलिश."

"अहो, नेलपॉलिश बोटाला येत नाय. हे कालचं कुंकू हाय. मीच लावलंय."

"तिथं कशाला लावलंस?"

"मग कुठं लावायचं? बोट टेकलं तिथं लावलं. देवाला काय कपाळ मोजून लावतात का?"

मेव्हणा थिनरच्या डब्याकडं बघत राहिला. नेलपॉलिश त्यानं कंपनी स्टँडर्डनं पुसून काढली होती आणि आम्ही इंजिनाचा श्वास बायकोच्या बोटाच्या भरवशावर लावला होता.

चष्मे लावले. बायकोनं बॅटरीचा उजेड धरला. तांदळाच्या कण्या सापडल्या तेव्हा कळलं, एक चाक दोन दाते सरकलेलं होतं. आतलं काही वाकलं नव्हतं, हे नशीब. पुन्हा पट्टा काढला, खुणा जुळवल्या. या वेळी इंजिन आधी हातानं पूर्ण फिरवून पाहिलं, कुठं अडलं नाही. मेव्हण्यानं एकदाही 'परफेक्ट' म्हटलं नाही.

चावी फिरवली. टिकटिक नाही, शिंक नाही. बायकोनं हार घातला आणि कुंकू बॉनेटला लावलं, दातेरी चाकांपासून लांब. मेव्हण्यानं मला आपट्याची पानं दिली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "यंत्राला भावना कळतात, दाजी."

बोलावल्याप्रमाणं भंगारवाला आला. गाडी हार घालून, गुरगुरत उभी होती. मी त्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "चालू झाली, आता द्यायची नाही."

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "रखो साब. हमकू क्या, चालू रहो के बंद, काँटे पे वजन उतनाच भरता."