सगळ्यात बुटका खांब

यमुताई काळबांडेला इंग्रजी येत नव्हतं असं कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटं. काटोलच्या शाळेतून मॅट्रिक झालेली बाई. स्पेलिंग चुकायची नाही, आणि अक्षर असं की एकदा साहेबांनीच विचारलं, हे टाईप केलंय का म्हणून. तिचं घोडं अडलं होतं ते तक्त्यापाशी.

नागपुरात सिव्हिल लाईन्सला आकडेवारीची एक सरकारी कचेरी होती. यमुताई तिथे कारकून होती, पण टेंपररी. पर्मनंट व्हायचं तर खात्याची परीक्षा पास व्हायला हवी, आणि त्या परीक्षेत इंग्रजीचा एक पेपर असायचा. त्यात उभ्या खांबांचा एक तक्ता, जेवढा आकडा मोठा तेवढा खांब उंच असा, छापून द्यायचे आणि सांगायचे, यावर रिपोर्ट लिहा. संधी तीन. तिसऱ्यांदा आपटलात की घरी बसा. यमुताईच्या दोन संधी कधीच्या गेल्या होत्या.

आणि घरी बसायचं म्हणजे कोणाच्या जिवावर? जुन्या शुक्रवारीतल्या दोन खोल्यांत सासू प्रयागबाई होती आणि सातवीतली मुलगी उत्तरा होती. नवरा गणपत कन्हानकडच्या एका कोळशाच्या खाणीत पंपावर होता. चौऱ्याहत्तर साली सकाळच्या पाळीत वरचा थर कोसळला आणि तो खाली सापडला. एकटाच. त्या दिवशी खाणीत दुसऱ्या कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. मग कोणीतरी शब्द टाकला आणि यमुताईला ही नोकरी लागली. तीन पोटं या एका नोकरीवर चालत होती.

आता ती नापास का व्हायची, ते ऐका. पहिल्या वेळी तक्ता आला संत्र्यांचा. कोणत्या साली किती पीक आलं, एवढंच सांगायचं होतं. हिच्या माहेरी संत्र्याची बाग! मग काय, सुटलीच. त्या साली पीक का पडलं, झाडावर कोळशी कशी आली, पानं काळी कशी पडली, बापाने फवारणी करून हात कसे टेकले, सगळं लिहून काढलं. खांबांबद्दल शेवटी दोन ओळी. दुसऱ्या वेळी शाळेत जाणाऱ्या मुलींचा तक्ता आला, तर हिने मुलींना शाळेतून काढून धाकटी भावंडं कडेवर देणाऱ्या आयांची कैफियत मांडली. चुकीचं तिने काहीच लिहिलं नव्हतं. पण विचारलेलंही काही लिहिलं नव्हतं.

तिचा तरी काय दोष म्हणा. आपल्याकडे कोणाच्या घरी काही कमीजास्त झालं तर ‘झालं’ एवढं ऐकून कोणी उठून जातं का? कसं झालं, कोणामुळे झालं, आधी काय झालं होतं, हे सांगितल्याशिवाय बोलणं पुरं होतच नाही. नुसता आकडा सांगून गप्प बसणं यमुताईला माणुसकीला सोडून वाटायचं.

शेवटी कचेरीतल्या चारुशीलाबाईंनी तिला महालात मधुसूदनराव पोतनीसांकडे नेलं. पोतनीस जुन्या मध्य प्रांताच्या सचिवालयातले. राजधानी गेली, सचिवालय गेलं, हे गृहस्थ मात्र नागपुरातच राहिले आणि आता परीक्षेला बसणाऱ्या कारकुनांचे रिपोर्ट तपासायचे. माणूस तिरसट. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. यमुताईचा पहिला रिपोर्ट त्यांनी अर्धाच वाचला, चष्मा काढला आणि विचारलं की, बाई, तुम्ही परीक्षा देताय की कीर्तन करताय.

पण त्यांची एक रीत होती. तक्ता पुढे ठेवायचे तो मथळ्यावर कागदाची पट्टी चिकटवून. कशाचा तक्ता आहे ते कळूच द्यायचे नाहीत. कापूस असो, पटकी असो, रेल्वेची तिकिटं असोत, तुम्ही फक्त खांब बघा. कोणता उंच, कोणता ठेंगणा, कुठे चढ, कुठे उतार. ‘ग्रॅज्युअल राइज’, ‘शार्प फॉल’, ‘स्टेडी’. एवढं लिहून झालं की मगच पट्टी काढायची आणि शेवटचं एक वाक्य लिहायचं. चांगली गोष्ट वाढलेली दिसली तर प्रगती म्हणा, वाईट गोष्ट घटलेली दिसली तर सुधारणा म्हणा, आणि पेन खाली ठेवा.

सुरुवातीला यमुताईचा जीव गुदमरायचा. कशाबद्दल लिहितोय ते माहीत नसताना लिहायचं म्हणजे तोंड बांधून जेवायला बसल्यासारखं. पण पोतनीसांनी सोडलं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, रोज कचेरी सुटली की बाई महालात. हळूहळू हात वळला. दिवाळीच्या सुमाराला पोतनीसांनी तिचा एक रिपोर्ट पुरता वाचला आणि एकही रेघ न मारता परत दिला. त्यांच्याकडून याहून जास्त काही मिळायचं नसतं, हे तिला माहीत होतं.

अठ्ठ्याहत्तर साली, थंडीत, धंतोलीतल्या एका शाळेत परीक्षा झाली. यमुताईने पेपर हातात पडताच डावा तळवा तक्त्याच्या मथळ्यावर दाबून धरला. पट्टी नव्हती, मग तळवा. सात खांब होते, सत्तर ते शहात्तर. चौऱ्याहत्तर हा आकडा कुठेही दिसला की तिची नजर तिथेच अडायची, तशी तेव्हाही अडली. पण तिने मन घट्ट केलं आणि लिहायला घेतलं. त्र्याहत्तरपर्यंत हळूहळू चढ. चौऱ्याहत्तरला एकदम उतार, सातांतला सगळ्यात बुटका खांब तोच. त्यानंतर पुन्हा चढ. वाक्यं कशी झरझर आली. शब्द खोडावा लागला नाही, इकडचं तिकडचं काही आलं नाही. या वेळी आपण सुटलो, असं तिला वाटलं, आणि शेवटचं वाक्य लिहिण्यासाठी तिने तळवा उचलला.

आपल्याच भागातल्या कोळशाच्या खाणींत अपघाताने मेलेल्या माणसांचा तक्ता होता तो.

पेपर काढणाऱ्या मेल्यांना त्या परीक्षेसाठी दुसरा तक्ता मिळाला नाही! एवढी मोठी कचेरी, कपाटंच्या कपाटं कागद, आणि नेमका हाच सापडावा? त्या बुटक्या खांबात गणपत होता. तो कोणत्या बाजूला होता, वर की खाली, हे तिला त्या शाईत शोधावंसं वाटलं. मग सगळं एकदम दाटून आलं. आदल्या दिवशी तो म्हणाला होता की तिथल्या लाकडाच्या टेकूंचा काही भरवसा नाही. मुकादमाला सांगून झालं होतं. त्या दिवशी सुट्टी टाक म्हणून तिने म्हटलं होतं, आणि तो हसला होता. हे सगळं लिहायला तिचं पेन कागदावर टेकलंसुद्धा. यापूर्वी तिने बापाच्या संत्र्यांसाठी, परक्या मुलींसाठी पानं भरली होती, आणि आज तिचं स्वतःचं सांगायचं होतं.

पर्यवेक्षक म्हणाले, वेळ संपत आली. यमुताईला प्रयागबाईचं तोंड दिसलं, उत्तराचा शाळेचा झगा दिसला. वाईट गोष्ट घटलेली होती. तिने नियमाप्रमाणे लिहिलं, स्वच्छ इंग्रजीत, की चौऱ्याहत्तर साली परिस्थितीत उल्लेखनीय सुधारणा झाली आणि सर्व सालांत हेच साल अत्यंत समाधानकारक गेलं. मग ते वाक्य वाचून पाहिलं. त्यात एकही चूक नव्हती. पेपर देऊन ती बाहेर आली आणि शाळेच्या नळाखाली तिने कितीतरी वेळ हात धुतले.

घरी प्रयागबाईने विचारलं, काय आलं होतं, तर म्हणाली, कारखान्यांचं काहीतरी. पुढे निकाल लागला. इंग्रजीत ती कचेरीत पहिली. पोतनीस इतके खूश झाले की त्यांनी आतून चहा मागवला आणि म्हणाले, शेवटचं वाक्य कसं केलंत, जरा म्हणून दाखवा. यमुताई म्हणाली, आठवत नाही.

पर्मनंटची ऑर्डर आली त्या संध्याकाळी उत्तरा शेजारीपाजारी पेढे वाटायला गेली होती. प्रयागबाईला तर केवढं अप्रूप. सुनेच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि पुन्हा तेच लावलं, की असं काय आलं होतं वं पेपरात, सांग, मले गल्लीत सांगाले होते. यमुताईने इतके महिने ते गिळून ठेवलं होतं. तिच्याने आता राहवलं नाही.

“खाणीचा तक्ता होता, आत्याबाई,” ती म्हणाली. “कोणत्या साली किती माणसं गेली, त्याचा.”

म्हातारीने हात पदराला पुसले. मग अगदी हळू म्हणाली, “आपल्या साली लय गेले असतीन.”

“नाई. त्या साली सगळ्यात कमी.”

प्रयागबाईने मान हलवली, ऐकलं म्हणून. मग पुन्हा हलवली. तिला काही ते पटत नव्हतं.

“एवढे कमी मेले,” ती म्हणाली, “तं मंग त्यात माहाच पोरगा काहून वं?”