बाळाच्या तोंडात काय काय जाते?

“तुमच्या नातीला साखर पचत नाही,” डॉक्टरबाई रक्ताचा अहवाल वाचून म्हणाल्या. आजाराचे नाव ‘काँजेनिटल सुक्रेज-आयसोमाल्टेज डेफिशियन्सी’. म्हणजे साखर फोडणारा पाचकरस आतड्यात जन्मतःच नसणे. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते. जुलाब होतात, वजन वाढत नाही.

माझी हयात कोर्टात कारकुनी करण्यात गेली. नातीला जुलाब सुरू झाले तेव्हा आरोपी मी तत्काळ निश्चित केला: नळाचे पाणी. महापालिकेला पत्रांवर पत्रे धाडली. घरात उकळलेले पाणी सुरू केले. जुलाब थांबले नाहीत. (पाण्याची तक्रार मी मागे घेतलेली नाही, ती बाब स्वतंत्र आहे.)

‘स्टूल कल्चर’, म्हणजे शौचात जंतू आहेत का हे पाहणारी तपासणी, निर्दोष आली. दुधाची ॲलर्जी असेल म्हणून सुनेने दूध, दही, चहा सोडला. तरी पोरीचे दंड सुरकुतलेलेच. वजनकाटा दिसला की सून मान फिरवी.

प्रत्येक दवाखान्यात विचारत, बाळ काय खाते? आमचे उत्तर: आईच्या दुधाशिवाय काही नाही. शपथेवरही हेच सांगितले असते.

या डॉक्टरबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत प्रश्न फिरवला होता. “आजोबा, खाण्याचं राहू द्या. दिवसभरात तिच्या तोंडात काय काय जातं?”

“सकाळी घुटी,” माझी पत्नी म्हणाली. “खडीसाखर घालून. त्याबिगर घेत नाय ती. अन् जुलाब लागले की साखर-मिठाचं पाणी.”

“हे आधी का सांगितलं नाहीस?” मी गरजलो.

“घुटी काय खाणं व्हय? अन् तुम्ही मला कधी विचारलं? तुमची विचारपूस सगळी महापालिकेकडं!”

इतक्या महिन्यांत सून प्रथमच हसली.

साखर बंद केली आणि आठवड्याभरात शौच बांधून आले. मग रक्ताच्या जनुक-तपासणीने निदान पक्के केले. मी विचारले, आईचे दूधही गोडच, ते कसे पचते? बाई म्हणाल्या, “दुधातली साखर वेगळी आणि तिचा पाचकरसही वेगळा. तो हिच्याकडे आहे.” निसर्गाची ही कलमवार व्यवस्था ऐकून मी थक्क झालो.

वाचकहो, साखर-मिठाचे पाणी इतर बाळांचा जीव वाचवते; आमचे ऐकून ते बंद करू नका. मात्र घुटी, मध, चाटण, जे जे तोंडात जाते ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. आम्हांला विचारणारे भेटले, हे त्या बाईंचे ऋण.

नात आता दुपारी माझ्या मांडीवर झोपते. पाय बधिर होतात इतकी जड झाली आहे. मी हलत नाही.