वाणात गेलेले चाळीस मावळे

आमच्या सोसायटीतल्या एकोणचाळीस घरांत आणि कात्रजच्या एका घरात माझा एकेक मावळा कायमचा नोकरीला लागलेला आहे. कुणाकडे तो वेलदोडे राखतो, कुणाकडे सुया. मी त्यांना जाऊन भेटू शकतो, घरी आणू शकत नाही.

सुरुवात शिरीषने केली. शिरीष म्हणजे माझा कॉलेजचा मित्र. एका रविवारी तो पिशवीभर राखाडी प्लास्टिकचे मावळे घेऊन आला. ढाल, तलवार, पागोटं सगळं होतं, पण उंची माझ्या बोटाच्या दीड पेराएवढी.

"आपण पाच जण. प्रत्येकाने चाळीस रंगवायचे," तो म्हणाला. "संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार, संध्याकाळी सहा. चाळीसही जण एका फोटोत दिसले पाहिजेत."

"बक्षीस काय?"

"काही नाही रे. मैत्रीखातर."

(मैत्रीखातर असलेली स्पर्धा पुण्यात सगळ्यांत जिवावर बेतते. बक्षीस असलं तर हरलेला माणूस निदान म्हणू शकतो की बक्षीसच फालतू होतं.)

अडचण एकच होती. आमच्या घरात माझ्यावर छंदबंदी लागू होती. बायकोचं, म्हणजे मेधाचं, म्हणणं, आणि ते दुर्दैवाने खरं आहे, की मी आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण केलेली नाही. हार्मोनियम 'सा रे ग' वर थांबली. जपानी भाषेची तीन वाक्यं येतात, तिन्ही स्वतःची ओळख करून द्यायची; पुढे जपानी माणसाशी बोलायचं काय हा प्रश्नच आहे. बोन्साय केलं होतं, ते वाढून वाढून साधं झाड झालं. गेल्या दसऱ्याला मेधाने मला आपट्याचं पान देतादेताच शपथ घ्यायला लावली: जुनं काहीतरी पुरं होईपर्यंत नवीन काही नाही.

आणि तरीही मी शिरीषला हो म्हणालो. मला एकदा, फक्त एकदा, एखादी गोष्ट शेवटपर्यंत न्यायची होती. बावन्न वर्षांच्या माणसाने असं बोलू नये, पण होतं खरं तसं.

मी गॅलरीत टेबल टाकलं आणि वर जुनी चादर बांधली. दोन दिवसांनी मेधाने विचारलंच, "काय चाललंय तिथे?"

आता इथे शहाण्या माणसाने खरं सांगितलं असतं. मी म्हणालो, "सरप्राइज आहे. तुझ्यासाठी. आत बघायचं नाही."

त्या संध्याकाळी चहाबरोबर खारी आली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. खारी कधी येते हे मला कळतं. तरी मी शहाणा झालो नाही.

एवढासा मावळा रंगवायचा म्हणजे त्याला धरायचं कुठे हा मोठा प्रश्न. बोटांत धरला की पागोट्याचा रंग अंगठ्याला. शिरीष म्हणाला, "कशावर तरी चिकटव आणि ते धर." मी घरभर शोधलं. गॅलरीतल्याच कपाटात एक खोकं सापडलं आणि त्यात स्टीलच्या छोट्या, झाकणाच्या, अगदी हातात मावणाऱ्या डब्या. मोजल्या. चाळीस! मला वाटलं, देव आहे.

देव होता, पण त्या डब्या मेधाने हळदीकुंकवाच्या वाणासाठी तुळशीबागेतून आणलेल्या होत्या. हे मला माहीत होतं का? होतं. मी ठरवलं होतं, हळदीकुंकवाच्या आधी मावळे अलगद काढू, डब्या पुसून ठेवू. टेपवर ते डगमगायला लागले म्हणून एका थेंबात चिकटणारा गोंद वापरला, तेव्हाही हेच ठरवलं होतं.

महिनाभर ऑफिसातून आलो की गॅलरीत. डोळ्यांना भिंग, तोंडात ब्रश. मेधा पलीकडून काही ना काही सांगायची आणि मी "हं" म्हणायचो. त्यातल्याच एका "हं"मध्ये हळदीकुंकवाची तारीख गेली. माझ्या डोक्यात ते पुढच्या शनिवारी होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी चाळिसाव्या मावळ्याला चकाकीचा शेवटचा हात दिला आणि सगळे वाळत ठेवून मोठ्या समाधानाने झोपलो. शनिवारी ऑफिस होतं.

साडेसातला परत आलो तर दाराबाहेर चपलाच चपला. दार उघडंच होतं, अत्तराचा वास येत होता, आणि समोरून तळमजल्यावरच्या जोशीकाकू बाहेर पडत होत्या. एका हातात तिळगूळ. दुसऱ्या हातात डबी. डबीवर माझा मावळा, तलवार उपसून.

"वा हो," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांना पन्नास वर्षांत कुंकवाचा करंडा उचलून ठेवावासा वाटला नाही. आणि तुम्ही बघा."

मी आत डोकावलो. शेवटच्या पाच-सहा बायका राहिल्या होत्या आणि मेधा त्यांना सांगत होती, "महिनाभर गॅलरीत बसून केलंय हो ह्यांनी. चाळीस डब्या होत्या, चाळीसही सजवल्या. मला पत्ता लागू दिला नाही. आज कपाटातलं खोकं रिकामं बघून शेवटी चादर उचलली तर..." आणि तिचा गळा दाटला. माझ्या बायकोचा गळा दाटत नाही. रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला तरी दाटत नाही.

मला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आवडलं ना?"

आता कुणी म्हणेल, जाऊन मागून आणायचे परत. कसे मागणार? वाण आहे ते! एकदा बाईच्या हातात हळदीकुंकू लावून दिलेली वस्तू परत मागितली असं आमच्या सोसायटीत अजून घडलेलं नाही, आणि घडलं तर त्या माणसाचं नाव खालच्या नोटीसबोर्डावर लागेल. पाणीकपातीच्या वर.

रविवारपासून मी घरोघर हिंडायला लागलो. "जरा मावळ्याचा फोटो काढतो, आठवण म्हणून." मनात हिशेब असा की चाळीस फोटो जोडून एक करू. शिरीषला आडून आडून विचारलं, तर म्हणाला, "जोडलेला चालणार नाही. एका जागी उभे पाहिजेत. का रे?" मी म्हटलं, सहज. आणि कुणी काही विचारू नये, लक्ष विचलित होऊ नये, म्हणून आम्हा पाच जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला.

जोशीकाकूंचा मावळा देवघरात होता. बाळकृष्णाच्या शेजारी. पागोट्यावर कुंकू वाहिलं होतं. "काकू, जरा बाहेर घेऊ का? उजेडात?" काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "आंघोळ झालीय का?" नव्हती झाली. मी दारातूनच फोटो काढला.

दुसऱ्या मजल्यावर शबानाताई राहतात. त्या घरी शिवणकाम करतात आणि दर वर्षी न चुकता मेधाच्या हळदीकुंकवाला तिळगूळ घ्यायला येतात. त्यांनी मावळा मशीनवर उभा केला होता, डबीत सुया. मी फोन वर केला तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दादा, राग मानू नका. याचा शेला मागून रंगवायचा राहिलाय."

मी भिंग लावून पाहिलं. राहिला होता. म्हणजे माझे चाळीस नव्हतेच, एकोणचाळीस आणि एक पुढून होता! घरी पळालो, रंग आणला, त्यांच्या मशीनवर वाकून शेला पुरा केला. त्या शेजारी बसून परकराचा नेफा घालत होत्या. "सरळ मारा," म्हणाल्या. "हात उचलू नका." महिनाभरात मला मिळालेलं पहिलं शिक्षण ते.

तिसरी बातमी आणखी वाईट. जोशीकाकूंची बहीण पाहुणी आली होती. तीही वाण घेऊन कात्रजला आपल्या घरी गेली होती.

आणि इकडे घरात माझे लाड वाढतच होते. बायका खाली मेधाला सांगत होत्या, "अहो, तुमचे मिस्टर वाणाचे फोटो काढत फिरताहेत, आठवण म्हणून." मग रोज गुळाची पोळी, वर तुपाचा गोळा. बुधवारी तिने माझी हार्मोनियम पुसून ठेवली आणि म्हणाली, "मी उगाच बोलत होते तुम्हाला." इतकी लाज मला दहावीच्या निकालाच्या दिवशीही वाटली नव्हती.

शनिवारी सुट्टी होती; दुपारी मी सगळं सांगून टाकलं. शिरीष, चाळीस मावळे, डब्या, गोंद, सगळं. मेधा तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"म्हणजे आठ दिवस मी उगाचच खूश होते," ती म्हणाली.

"अगं, मला फक्त एकदा काहीतरी पूर्ण करायचं होतं. तू बघावंस म्हणून."

"मी बघावं म्हणून माझ्यापासूनच लपवलंत."

तिने ताटातून दोन खडे काढले, बाजूला ठेवले.

"फोटो कधीपर्यंत पाठवायचाय?"

"उद्या संध्याकाळी सहापर्यंत."

"वाण परत मागत नाहीत," ती म्हणाली. "पण वाण बघायला बोलावता येतं. उद्या चारला सगळ्यांना गच्चीवर चहाला सांगते, डब्या घेऊन या म्हणून. एक मात्र लक्षात ठेवा. तिथे खरं बोलायचं नाही. माझं नाक कापलं जाईल. 'मेधासाठी केलं' असं चारचौघींत तुमच्या तोंडाने सांगायचं."

तर रविवारी चार वाजता मी गच्चीवर, एकोणचाळीस बायकांसमोर, पत्नीप्रेमावर भाषण केलं. मागे भिंतीला टेकून काही नवरे उभे होते, त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. ए विंगचे सेक्रेटरी अजून मला पार्किंगमध्ये रस्ता देत नाहीत.

सतरंजीवर मावळे मांडता मांडता पाच वाजले. ही म्हणते माझा पुढे, ती म्हणते माझ्या डबीवर तुमच्या डबीची सावली पडतेय. जोशीकाकूंनी आपला आणला, पण हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतः ठेवला आणि नमस्कार केला. एकोणचाळीस झाले. चाळिसावा कात्रजला. काकूंनी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. "अगं तो डबीवाला धर समोर. तू नको, तो दिसू दे. कान दिसतोय नुसता तुझा!" शेवटी फोनच्या पडद्यावर माझा चाळिसावा मावळा उगवला. तो फोन मी रांगेच्या टोकाला पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि खटाखट फोटो काढले.

पाच पन्नासला फोटो ग्रुपवर गेला. मेधा शेजारीच उभी होती, मी तिला म्हणालो, "झालं गं. पूर्ण झालं." आणि खरं सांगतो, मला रडू आलं. तिने पाठीवर हात ठेवला.

शिरीषचं उत्तर लगेच आलं. 'अरे, झाले पण तुझे? बुधवारीच ठरलं ना, मुदत गुढीपाडव्यापर्यंत. कुणाचेच दहाच्या वर गेले नव्हते. मेसेज वाचत जा की.'

मेधाने ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

"गुढीपाडव्यापर्यंत ना?" ती म्हणाली. "मग बरंच झालं. पुढे चैत्रगौरीच्या आराशीला हत्ती लागतातच. सहा करा."

लगेच जोशीकाकू म्हणाल्या, "मोठे करा हो. ह्या मावळ्यांना चष्मा लावावा लागतो."

चैत्रगौरीचं हळदीकुंकू परवाच झालं. पाच हत्ती रंगवून झाले होते, सहाव्याचा मागचा अर्धा भाग राखाडीच राहिला. मेधाने नेमका तो पुढे मांडला, आणि आलेल्या प्रत्येकीला पन्हं देता देता त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हा मात्र हुबेहूब ह्यांच्यावर गेलाय."