मामांच्या मोकळ्या जागा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी साताऱ्यातल्या एका छापखान्यात प्रोग्रॅमर म्हणून लागले. घर सांगलीला, त्यामुळे दर शनिवारी एसटी. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. ठरावीक मजकूर एकदाच लिहायचा, नावं आणि मुहूर्त मागाहून भरायचे, असं एक टेम्प्लेट इंजिन मी पायथन या संगणकभाषेत स्वतः लिहिलं होतं. पत्रिकेतला एखादा भाग, समजा निमंत्रकांची यादी, नाव देऊन एकदा सांगितला की इंजिन त्या व्याख्येचं आपणहून पायथनचं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला छोटा प्रोग्रॅम, तयार करी. मग तो भाग हवा तिथे नुसत्या नावानं बोलवायचा. मला त्याचा भारी गर्व होता.

मजकूर जुळवायचे कंपोझिटर मामा. कोरेगावचे, उभा जन्म छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेला. त्यांनी पहिली पत्रिका टाइप केली आणि इंजिन कोलमडलं. ओळ मध्यावर आणायला मामा पूर्वी कोरे खिळे घालत, तशाच आता प्रत्येक ओळीआधी मोजून मोकळ्या जागा सोडत. माझं इंजिन त्या जागा जशाच्या तशा पायथनमध्ये उतरवी. आणि कुठली ओळ कोणत्या फंक्शनच्या पोटात आहे, हे पायथनला कळतं तेच मुळी ओळीआधीच्या जागेवरून. मामांच्या जागांनी तो सगळा हिशेबच चुकवला.

मालक म्हणाले, "म्हाताऱ्याला झेपत नाही. सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगतो त्यांना."

"मामा नकोत, तर मीही नको. सोमवारपर्यंत थांबा," मी म्हणाले. नोकरी गेली असती तर गेली असती. मला संताप आला होता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरचाच होता. नाचता येईना अंगण वाकडं, अशी माझ्या इंजिनाची गत, आणि बोल मात्र मामांना.

त्या शनिवारी सांगलीला गेलेच नाही. सगळं मोडून परत लिहिलं. व्याख्या कुठे संपते ते आता एक खूण सांगणार. तिच्या आतल्या जागा म्हणजे निव्वळ मजकूर, अवतरणचिन्हांत बंद. पायथनला लागणाऱ्या जागा इंजिन स्वतः मोजून घालणार.

सोमवारी मामांनी तीच पत्रिका टाकली, त्याच जागांसकट. छापून आली ती नेमकी मध्यावर. मालकांनी ती उलटसुलट करून पाहिली. "ठीक आहे. पण मामा, यापुढं जागा जरा कमी सोडत जा. शिका आता."

मामांनी चष्मा काढला. "आवं मालक, मशीन शिकलं. तुमी तेवढं ऱ्हायलायसा."

मालक पत्रिका घेऊन आत गेले. मामांना काढायची भाषा त्या छापखान्यात पुन्हा कुणी केली नाही.